तोफांच्या हद्दीतल्या कबरी: लष्करी जमिनीवरच्या जुन्या दफनभूमींचा वाली कोण?

कॅन्टोन्मेंटचा, म्हणजे लष्करी छावणीचा, नागरी भाग शेजारच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत घालायचा, ही चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. एप्रिल 2023 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या खास योलपासून त्याची सुरुवात झाली. तोवर देशात 62 कॅन्टोन्मेंट होती आणि त्यांतली सात महाराष्ट्रातली: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. या चर्चेत पाणी येतं, रस्ते येतात, घरपट्टी, जुने बंगले, एफएसआय सगळं येतं. दफनभूमीचं नाव मात्र क्वचितच निघतं.

वास्तविक बहुतेक जुन्या छावण्यांच्या कडेला एखादी तरी जुनी दफनभूमी असते आणि तिथे नुसते सैनिक नसतात. पटकीने गेलेली सार्जंटची बायको, गोवराने गेलेली मुलं, रेल्वेतला कारकून, मिशनरी, दुकानदार अशी साधी माणसं तिथे असतात. जमीन लष्कराची आणि पुरलेली माणसं नागरी, अशा ठिकाणी देखभाल कोणी करायची, आत जायचा हक्क कोणाला, आणि उद्या जमिनीचा मालक बदलला तर काय? हा पेच जगभर आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यावर बरीच डोकेफोड झाली आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ आणि मग पुण्याला परत येऊ.

शेतकऱ्यांच्या कबरी तोफखान्याच्या रानात आल्या कशा?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला फोर्ट ड्रम नावाचा मोठा लष्करी तळ आहे. 1941 साली त्याचं नाव पाइन कॅम्प होतं. महायुद्ध दाराशी आलेलं, सैन्याला सरावासाठी मोकळं रान हवं होतं. सरकारने आणखी 75,000 एकर जमीन घेतली आणि 525 कुटुंबं उठवली. स्टर्लिंगव्हिल, लेरेझव्हिल यांच्यासह पाच गावं नकाशावरून पुसली गेली. 3,000 इमारती, 24 शाळा, 6 चर्च आणि एक पोस्ट ऑफिस ओस पडलं. गावं गेली, पण गावांच्या 13 दफनभूमी जागेवर राहिल्या. आजही त्या तळाच्या हद्दीत आहेत.

फोर्ट ड्रम हे एकच उदाहरण नाही. अमेरिकेचं सरकारी सोनं जिथे ठेवलंय त्या फोर्ट नॉक्सच्या हद्दीत अशा दफनभूमींची संख्या शंभराच्या वर जाते. आकडा एवढा मोठा असण्याचं कारण साधं आहे. तिथल्या खेड्यांत चर्चच्या आवाराइतकंच स्वतःच्या शेताच्या कोपऱ्यात पुरण्याचीही रीत होती. एका घराण्याच्या पाच-दहा कबरी, भोवती दगडी गडगा, झालं. शंभर शेतं घेतली की अशी कैक आवारं आपोआप पदरात येतात.

मग तेव्हाच का नाही हलवल्या?

हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो आणि त्यात तथ्य आहे. काही ठिकाणी कबरी हलवल्याही. पण धरणासाठी जमीन घेतली की कबरी पाण्याखाली जाणार हे नक्की असतं, त्यामुळे त्या हलवणं भागच पडतं. सरावाच्या रानाचं तसं नसतं. पंचाहत्तर हजार एकरांत अर्ध्या एकराचं कुंपण कोणाच्या पायात येत नाही. रणगाडा वळसा घालून जाऊ शकतो.

दुसरं कारण माणसांचं. कबर हलवायची तर वारस शोधायचा, त्याची संमती घ्यायची, नवी जागा द्यायची. 1941-42 साली घरं रिकामी करायलाच लोकांना काही आठवडे मिळत होते, तिथे आजोबांचे अवशेष उकरायला वेळ कुठला? आणि कित्येकांना ते नकोच होतं. युद्ध संपलं की आपण परत येणार, अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीपायी सगळ्यात मोठा घोळ ब्रिटनमध्ये झाला.

इंबर: तोंडी आश्वासनाची किंमत

इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या पठारावर इंबर नावाचं दीडशेएक वस्तीचं खेडं होतं. 1 नोव्हेंबर 1943 रोजी गावकऱ्यांना शाळेच्या खोलीत बोलावून सांगण्यात आलं की 47 दिवसांत गाव सोडा, अमेरिकन सैनिकांना गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे. गावचा लोहार अल्बर्ट नॅश ऐरणीवर ओणवा होऊन रडताना दिसला, असं सांगतात. गाव सोडल्यावर काही आठवड्यांतच तो वारला आणि त्याला पुरायला इंबरलाच आणलं.

युद्धानंतर परत जायला मिळेल असं आपल्याला सांगितलं होतं, हे गावकऱ्यांचं ठाम म्हणणं. पण तसा कागद कोणाकडेच निघाला नाही. शिवाय संरक्षण खात्याने 1920 च्या दशकाच्या अखेरीपासूनच त्या भागातली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे बहुतेक गावकरी कायद्याने भाडेकरू होते. भाडेकरूला काढताना मालकाला फार काही द्यावं लागत नाही. 22 जानेवारी 1961 रोजी दोन हजारांहून जास्त लोक सरळ त्या बंद गावात घुसले. मोठी चौकशी झाली, तरी गाव परत मिळालं नाही.

मिळालं एवढंच की चर्च वर्षातून निदान एकदा उघडायचं, संत गाइल्सच्या सणाच्या जवळच्या शनिवारी. हे का शक्य झालं? कारण चर्च आणि त्याभोवतीची दफनभूमी ही लष्कराने कधी विकतच घेतली नव्हती, ती चर्चच्याच नावावर राहिली होती. घरं, पब, शेतं या सगळ्यांवरचा हक्क गेला आणि ज्या एका तुकड्याची मालकी कागदावर वेगळी होती तिथेच लोकांना पाय ठेवता आला. आता वर्षातले आणखीही काही दिवस रस्ता खुला होतो. 2009 पासून एका दिवसासाठी तर लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बस वॉरमिन्स्टरहून इंबरला सोडतात आणि हौशी लोक गर्दी करतात. सहलीचा माहोल असतो. ज्यांचे आजी-आजोबा तिथे आहेत त्यांना हे कसं वाटत असेल कोण जाणे. पण बसच्या निमित्ताने रस्ता उघडतो, हेही खरं.

जमीन एकाची, हक्क दुसऱ्याचा

सातबाऱ्यावर कब्जेदाराचं नाव एकीकडे असतं आणि 'इतर हक्क' हा रकाना वेगळा असतो. जमीन तुमची असली तरी तिच्यातून कोणाची तरी वाट जाते, विहिरीत कोणाचा तरी वाटा असतो, बँकेचा बोजा असतो. विक्री झाली तरी हे हक्क नव्या मालकाच्या गळ्यात येतात. कबरीचा हक्क हा या जातीचा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शेत विकलं गेलं तरी शेतातल्या कबरीपर्यंत जायची वाट नातेवाइकांना द्यावी लागते. कबर त्यांच्या मालकीची नसेल, पण तिथे जाऊन उभं राहायचा, गवत काढायचा, फुलं ठेवायचा हक्क त्यांचा.

लष्कराने घाईघाईत जमिनी घेतल्या तेव्हा या रकान्याचं काय झालं? कुठे कागदात दफनभूमी स्पष्ट वगळलेली आहे. कुठे ती जमिनीसकट सरकारच्या नावावर चढली. कुठे तिचा उल्लेखच नाही. त्यात राज्याचा कायदा केंद्र सरकारच्या लष्करी तळाला आपोआप बांधत नाही. म्हणून प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांना जे मिळतं ती परवानगी असते. हक्क आणि परवानगी यांतला फरक रोजच्या दिवशी जाणवत नाही. एखाद्या हल्ल्यानंतर तळ बंद झाला, किंवा नवा कमांडर आला आणि त्याने नियम बदलले, की तेव्हा तो कळतो.

आत जायचं तर काय काय करावं लागतं?

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन असतो. अनेक तळ त्या सुमाराला दफनभूमींचे रस्ते खुले करतात. त्या शनिवार-रविवारी सराव थांबवलेला असतो, फाटकावर ओळखपत्र तपासतात, नकाशा देतात आणि ठराविक रस्ता सोडून जाऊ नका असं बजावतात. फोर्ट ब्रॅगच्या हद्दीत स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतवाल्यांचं लाँगस्ट्रीट नावाचं जुनं चर्च आणि दफनभूमी आहे, तिथे त्यांच्या वंशजांचा दरवर्षी मेळावाच भरतो.

बाकीच्या दिवशी जायचं तर आधी अर्ज करावा लागतो. तळावर रेंज कंट्रोल नावाचा विभाग असतो. कोणत्या पट्ट्यात कोणत्या दिवशी गोळीबार आहे याचं वेळापत्रक त्यांच्याकडे. तुमची दफनभूमी त्या दिवशी मोकळ्या पट्ट्यात असेल तर सोबत माणूस देऊन नेतात. गोळीबार ऐनवेळी लागला तर आठशे मैलांवरून आलेली म्हातारी मावशीसुद्धा फाटकावरून परत जाते. याबद्दल तक्रारी होतात आणि त्या रास्त आहेत, पण वेळापत्रक मावशीला पाहून ठरत नाही.

जपानच्या ओकिनावा बेटावर तर हे आणखी गुंतागुंतीचं आहे. तिथे अमेरिकेचे मोठे तळ आहेत आणि काही तळांच्या कुंपणाआत तिथल्या घराण्यांच्या जुन्या समाधी आहेत, कासवाच्या पाठीसारख्या छताच्या. वसंतात शीमी नावाचा पूर्वजांचा सण येतो. त्या दिवशी सगळं कुटुंब समाधीसमोर बसून जेवतं. तळातल्या समाधींसाठी कुटुंबं परवानगी काढून डबे घेऊन आत जातात. एका देशाचे नागरिक स्वतःच्याच बेटावर दुसऱ्या देशाच्या सैनिकाला ओळखपत्र दाखवून पणजोबांना नैवेद्य दाखवायला जातात, हे दृश्य मला तरी पचायला जड जातं.

"सराव बंद झाला की उघडून टाका ना"

ही सूचना नेहमी येते. त्यावर इंडियानातल्या जेफरसन प्रूव्हिंग ग्राउंडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1941 ते 1995 या काळात तिथे तोफगोळ्यांची चाचणी चालायची. डागलेल्या गोळ्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली आणि त्यातले सुमारे 15 लाख न फुटता जमिनीत राहिले असा अंदाज आहे. न फुटलेला गोळा म्हणजे जिवंत गोळा. पन्नास वर्षांनी कुदळ लागली तरी फुटू शकतो. लष्कर निघून गेलं आणि आज ती जागा बिग ओक्स नावाचं अभयारण्य आहे. हरणं, पक्षी, जुन्या शाळेची दगडी इमारत, सगळं आहे, पण आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी सुरक्षेची माहिती घ्यावी लागते आणि समजलं म्हणून सही करावी लागते. अर्ध्याहून अधिक रान कायमचं बंद आहे असं समजूनच लोक तिथे वागतात.

म्हणजे गोळे जिथे पडतात, त्या पट्ट्याला इम्पॅक्ट एरिया म्हणतात, तिथली दफनभूमी लष्कर गेल्यावरही मिळेलच असं नाही. सगळी जमीन खणून साफ करायची तर खर्च अफाट येतो आणि कबरीच्या आवारात खणायचं म्हणजे ज्याला जपायचं त्यालाच धक्का लावायचा.

जपणूक म्हणजे दगड घासून चकचकीत करणं नव्हे

आता थोडी उलट बाजू. लष्कराच्या कुंपणामुळे कबरींचं नुकसानच झालं असं मानायचं कारण नाही. बाहेरच्या जुन्या दफनभूमींवर दुकानं आली, रस्ते रुंद झाले, दगड चोरीला गेले. तळाच्या आतल्या जागेवर बिल्डरची नजर पडत नाही. फोर्ट ड्रमच्या पाच गावांपैकी एखादं आज बाहेर असतं तर त्याच्या दफनभूमीशेजारी पेट्रोल पंप आला असता, असं मला वाटतं.

धोके वेगळे असतात. रात्रीच्या सरावात रणगाडा कुंपणात घुसतो. खंदक खणणाऱ्या तुकडीला ठाऊकच नसतं की झाडीत दगड आहेत. म्हणून तळांवर अशा आवारांभोवती लोखंडी खांब, फलक आणि नकाशावर बंद क्षेत्राची खूण असते. आतलं काम कंटाळवाणं आणि न संपणारं असतं: गवत कापणं, कबरीत मुळं घुसवणारी झाडं काढणं, कललेले दगड सरळ करणं. संगमरवरी दगड ब्लीच किंवा तारेच्या ब्रशने घासला की तो दोन दिवस झकास दिसतो आणि नंतर त्यावरची अक्षरं झिजतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. उत्साही वंशज बाटली घेऊन येतात तेव्हा त्यांना थांबवणं हेही तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम होऊन बसतं.

कायद्याचा आधार अमेरिकेत मुख्यतः 1966 च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याचा. सरकारी खात्याने काही बांधण्याआधी त्याचा ऐतिहासिक जागांवर काय परिणाम होईल हे तपासायचं, असं तो सांगतो. पण ऐतिहासिक जागांची जी राष्ट्रीय यादी आहे तिच्या नियमांत साधारणपणे दफनभूमी बसत नाहीत. फार मोठी माणसं, फार जुना काळ किंवा विशेष रचना असेल तरच अपवाद. साध्या शेतकऱ्याच्या पाच कबरी यात बसणं अवघड. मूळ अमेरिकन लोकांच्या कबरींसाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना विनापरवाना हात लावायला 1979 च्या कायद्याने बंदी आहे. उरलेल्यांचं भवितव्य बरंचसं तळाच्या स्वतःच्या नियोजनावर आणि तिथल्या पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असतं.

आणि जिची नोंदच नाही ती कबर?

आतापर्यंतच्या सगळ्या कबरींना निदान दगड होते. फ्लोरिडात टँपा शहराजवळच्या मॅकडिल हवाई तळावर तेही नव्हते. तळ होण्याआधी तिथे पोर्ट टँपा नावाची कृष्णवर्णीयांची दफनभूमी होती. तळ उभा राहिला, वर्षं गेली आणि ती विस्मरणात गेली. 2019 मध्ये शहरातल्या इतिहास केंद्राने तळाला कळवलं की तुमच्या हद्दीत अशी दफनभूमी असावी. मग शोध सुरू झाला.

शोधासाठी वापरलं ते जमिनीत शिरणारं रडार. हातगाडीसारखं यंत्र जमिनीवरून ढकलत नेतात. ते खाली रेडिओ लहरी सोडतं आणि मातीचा पोत जिथे बदलतो तिथून त्या परत येतात. त्यात हाडं दिसत नाहीत. खड्डा खणून पुन्हा भरलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी बसते, एवढंच दिसतं. म्हणून अहवालात 'शक्य' आणि 'बहुधा' असे शब्द येतात. मॅकडिलवर अशा 121 संभाव्य जागा मिळाल्या. चिकण आणि ओल्या मातीत हे यंत्र फारसं चालत नाही, तेव्हा त्याला काही दिसलं नाही म्हणजे तिथे कबर नाही असं म्हणता येत नाही.

फोर्ट ड्रमच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या 13 दफनभूमी कागदावर राहिल्या आणि मॅकडिलच्या गरीब काळ्या वस्तीची एक पुसली गेली. दोन्ही तळांवरच्या सैनिकांच्या मनात काही खोट होती असं म्हणायचं कारण नाही. एकीकडे नकाशा आणि नावांची यादी होती, दुसरीकडे नव्हती. माझ्या मते या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली इथे आहे. जमीन कोणाची यापेक्षा यादी कोणाकडे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. यादी असेल तर परवानगी मागता येते, कुंपण घालता येतं, कोर्टात जाता येतं. यादी नसेल तर मागायचं काय, हेच कळत नाही.

आता खडकीला येऊ

पुण्यात होळकर पुलाजवळची खडकीची युद्ध दफनभूमी अनेकांनी रस्त्यावरून पाहिली असेल. कापलेली हिरवळ, एकसारखे पांढरे दगड, दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसोळाशेहून जास्त कबरी. मध्य आणि पश्चिम भारतात विखुरलेल्या कबरी एकत्र आणून ती उभी केली. तिथेच एक स्मारक आहे, त्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांची नावं आहेत. ही सगळी माणसं इथे नाहीत. त्यांतले बहुतेक भारत आणि पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीतल्या दफनभूमींत आहेत, जिथली देखभाल पुढे नीट होणार नाही असं ठरलं. मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतल्या 629 सैनिकांचे अवशेष मात्र जून 1962 मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरले. म्हणजे काहींना आणलं आणि उरलेल्यांची फक्त नावं आणली.

हे काम पाहते ती राष्ट्रकुल युद्ध कबर आयोग ही संस्था, 1917 साली स्थापन झालेली. तिच्या नियमाच्या तारखा फार काटेकोर आहेत: 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. या काळात वारलेला सैनिक आयोगाचा. 1 सप्टेंबर 1921 ला वारलेला त्याच पलटणीतला सैनिक आयोगाचा नाही. 1890 मध्ये पटकीने गेलेली त्याची आई तर नाहीच नाही. पुण्याहून नगरला किंवा देवळालीला गेलात आणि एका कबरीला पॉलिश, दुसरीला काटेरी झुडूप असं दिसलं, तर त्यामागे बहुतेक वेळा ही तारखांची रेघ असते.

या रेघेबाहेरच्या नागरी कबरींची नावं कुठे आहेत? मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला त्या काळी लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगालच्या नोंदी एन/1, मद्रासच्या एन/2 आणि आपल्या एन/3 या क्रमांकाखाली. 1976 साली लंडनमध्ये स्थापन झालेली, दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींसाठी काम करणारी एक संस्था दगडांवरचे मजकूर उतरवून घेते, तिच्या फायलीही त्याच ग्रंथालयात जमा होतात. म्हणजे पुण्यातल्या कबरीची माहिती पुण्यापेक्षा लंडनमध्ये सोपी मिळते. यात राग मानण्यासारखं काही नाही, पण सोयीचंही नाही.

आणि छावणीतल्या भारतीय ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी, चिनी अशा लोकांच्या दफनभूमींचा तर या दप्तरांत फारसा पत्ताच नसतो. त्यांची यादी समाजाच्या वह्यांत आणि जुन्या माणसांच्या डोक्यात.

"लष्कराने हे का करावं? त्यांचं काम देशाचं रक्षण"

मुद्दा बरोबर आहे. जवानांनी कबरींवरचं गवत कापत बसावं असं कोणी म्हणत नाही. पण ज्याच्या ताब्यात जमीन, त्याच्याकडे किल्ली. किल्लीवाल्याने निदान वेळापत्रक ठरवावं, एवढी अपेक्षा असते. सुरक्षेचा मुद्दाही खरा आहे. गोव्याच्या काणकोण तालुक्यातलं अंजदीव बेट कारवारच्या नौदल तळाचा भाग झालं. तिथे पोर्तुगीज काळातलं ब्रोतास सायबिणीचं चर्च आहे आणि गोव्याहून भाविक होड्यांनी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, जायचे. नौदलाने सुरक्षेचं कारण देऊन ही ये-जा थांबवली आणि त्यावरून गोव्यात बरीच नाराजी झाली. युद्धनौकांच्या तळावर होड्या भरून लोक सोडणं धोक्याचं आहे हे मान्य. पण वर्षातला एक ठरलेला दिवस, नावांची आधी दिलेली यादी आणि नौदलाचीच बोट, अशी सोय जगात इतरत्र होते. सुरक्षा आणि प्रवेश यांत दर वेळी एकच निवडावं लागतं असं नाही.

"येतंय कोण?" हेही ऐकू येतं. बहुतेक जुन्या कबरींना वर्षानुवर्षं कोणी येत नाही, हे खरंच आहे. मात्र येणारा कोण, कधी येईल हे आधी सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातून एखादी आजी पणजोबांच्या भावाच्या शोधात येते, तर कधी शेजारच्या वस्तीतला मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी येतो. कुलूप लावताना त्याची किल्ली कोणाकडे हे फलकावर लिहिलं तर दोघांचीही सोय होते.

विलीनीकरणात दफनभूमी कोणत्या वर्गात?

छावणीत सातबारा नसतो. तिथे जनरल लँड रजिस्टर असतं, बोलताना जीएलआर म्हणतात. त्यात प्रत्येक सर्व्हे क्रमांकाला एक वर्ग असतो. ए-1 म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन. बी-3 मध्ये जुने बंगले वगैरे खासगी ताब्यातली. सी म्हणजे नागरी सोयींसाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे दिलेली. नागरी भाग महापालिकेकडे जाताना हा वर्ग फार महत्त्वाचा ठरेल. सी वर्गातली दफनभूमी बहुधा रस्त्या-बागांबरोबर महापालिकेच्या यादीत जाईल आणि मग तिची देखभाल उद्यान खात्याने करायची की आरोग्य खात्याने, यावर फाईल फिरेल. ए-1 मधली लष्कराकडे राहील, म्हणजे परवानगी काढून आत जाणं आलं. चर्चच्या ताब्यातली असेल तर तिसराच रस्ता. आणि जिथे सर्व्हे क्रमांकासमोर नुसतं 'मोकळी जमीन' असं लिहिलंय, तिथे मॅकडिलची गोष्ट आठवावी.

म्हणून हद्दीची मोजणी होईल तेव्हा तीन कागद शेजारी ठेवायला हवेत: जीएलआरचा उतारा, चर्च किंवा समाजाच्या दफन नोंदवह्या, आणि दगडांवरच्या मजकुराची आज उतरवलेली यादी, फोटोंसकट. तिसरं काम कोणालाही करता येतं. त्याला लष्कराची परवानगी, एक मोबाइल आणि दोन-तीन रविवार सकाळ लागतात. पावसाळ्यानंतर गवत कापलं की ऊन तिरपं असताना फोटो घ्यावेत, झिजलेली अक्षरं तेव्हाच वाचता येतात. पहिले दोन कागद सरकारी आणि धार्मिक कार्यालयांत आहेत. ते मागणारा पहिला अर्ज कोणी करायचा, हे त्या-त्या छावणीतल्या रहिवासी मंडळांनी मोजणीच्या आधी ठरवलं तर बरं.